भाड्याची जागा मालकीची करताना आयकर कुठे बसतो

बेळगावात शहापूर-वडगावचे जुने वाडे, गणपत गल्ली-मारुती गल्लीतले गाळे, निपाणी-संकेश्वरच्या पेठेतली माडीची घरं, सगळीकडे दोन-तीन पिढ्यांची भाडेकरू बिऱ्हाडं आहेत. मालकाचे वारस पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतात. महिन्याच्या चारशे-पाचशे रुपये भाड्यात त्यांना रस उरलेला नसतो आणि कोर्टात वीस वर्षं घालवायची तयारीही नसते. मग ‘तुम्हीच घेऊन टाका’ असा निरोप येतो. भाडेकरू बसलेली जागा तिसरा कुणी घेत नाही, म्हणून भावही बाजारापेक्षा बराच कमी ठरतो. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. दीड-दोन वर्षांनी आयकर खात्याची नोटीस आली की दोन्ही बाजू गडबडतात. गोम बहुतेक वेळा खरेदीपत्राच्या मजकुरात असते, आणि तो मजकूर नोंदणीनंतर बदलणं फार अवघड.

खाली दिलेले कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, हिशेबाची मूळ पद्धत मात्र तीच राहिली. सीएशी बोलताना नवे आकडे त्यांच्याकडून घ्यावेत.

भाडेकरूचा हक्क ही मालमत्ता आहे

कायद्याने संरक्षण असलेल्या भाडेकरूला उठवायचं तर मालकाला पैसे मोजावे लागतात. म्हणजे त्या हक्काला किंमत आहे, आणि आयकराच्या भाषेत तो हक्क ‘भांडवली मालमत्ता’ ठरतो. तो सोडणं, विकणं, त्याच्या बदल्यात दुसरं काही घेणं हे सगळं ‘हस्तांतरण’. कलम २(४७) मध्ये हक्क संपुष्टात येणंही हस्तांतरणात धरलं आहे.

पूर्वी यावर कर बसत नसे. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने बी. सी. श्रीनिवास शेट्टी खटल्यात (तो कर्नाटकातूनच गेलेला) सांगितलं, की ज्या मालमत्तेला खरेदीखर्चच नाही तिचा भांडवली नफा मोजता येत नाही. तो निकाल व्यवसायाच्या नावलौकिकाबाबत होता, पण भाडेहक्कालाही लागू पडत असे. १९९४ च्या वित्त कायद्याने ती वाट बंद केली. कलम ५५ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९९५ पासून भाडेहक्क विकत घेतलेला नसेल तर त्याची किंमत शून्य धरायची असं ठरलं. त्यामुळे हक्क सोडताना मिळालेली पूर्ण रक्कम नफा.

आजोबांनी जागा घेताना आधीच्या भाडेकरूला पैसे देऊन हक्क घेतला असेल आणि त्याची पावती असेल, तर तेवढा खर्च वजा होतो, वारसालाही तो मिळतो. पण जुन्या मिळकतीचा खरेदीखर्च म्हणून २००१ चा बाजारभाव धरण्याची सवलत इथे नाही. घर-जमिनीच्या हिशेबाची सवय असलेले लोक नेमके इथे चुकतात आणि भाडेहक्कालाही २००१ चं मूल्यांकन करून आणतात. ते मूल्यांकन वाया जातं.

हक्क २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ असेल तर नफा दीर्घ मुदतीचा. वारसाच्या बाबतीत वडील-आजोबांचा काळही मोजतात, म्हणून जुन्या भाडेकरूंना हा प्रश्न येतच नाही. दर १२.५ टक्के, त्यावर ४ टक्के उपकर. महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घर-जमिनीला ‘निर्देशांकासह २० टक्के’ हा जो पर्याय ठेवला आहे, तो जमीन-इमारतीसाठीच आहे.

दुसरी बाजू: कमी भावात मिळालेलं घर

भाडेकरूला घर स्वस्तात मिळतं तेव्हा कलम ५६(२)(एक्स) पुढे येतं. दस्तातली किंमत आणि सब-रजिस्ट्रारकडचं मार्गदर्शक मूल्य (मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला भाव) यांतला फरक ५०,००० रुपये आणि दस्तातल्या किमतीचा १० टक्के, या दोन्हींपैकी जे मोठं त्यापेक्षा जास्त असेल, तर पूर्ण फरक खरेदीदाराच्या उत्पन्नात मिळवला जातो. तोही ‘इतर उत्पन्न’ म्हणून, त्याच्या नेहमीच्या दराने. मार्गदर्शक मूल्य जागा रिकामी आहे असं समजून ठरलेलं असतं. पन्नास वर्षं आत बसलेला भाडेकरू त्याच्या हिशेबात नाही.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. वाड्यातला एक भाग आहे, मार्गदर्शक मूल्य ३६ लाख, मालकाशी ठरलेली रक्कम १४ लाख.

दस्तात नुसतं ‘१४ लाखांना विकली’ एवढंच लिहिलं तर फरक २२ लाखांचा. भाडेकरू ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर कर ६ लाख ६० हजार, उपकरासह ६ लाख ८६ हजार ४००. चौदा लाखांच्या घरावर पावणेसात लाखांहून जास्त कर!

आता दुसरा मजकूर. ‘खरेदीदार हा सन अमुकपासून या मिळकतीत संरक्षित भाडेकरू असून, त्याचा भाडेहक्क २२ लाख रुपये मूल्याचा आहे. तो हक्क त्याने या व्यवहारात मालकाच्या लाभात सोडला असून, एकूण मोबदला ३६ लाख रुपये, पैकी १४ लाख बँकेमार्फत व २२ लाख भाडेहक्काच्या रूपाने मिळाला.’ मोबदला म्हणजे फक्त रोख नव्हे. हक्क सोडणं हाही मोबदलाच. एकूण मोबदला मार्गदर्शक मूल्याइतका झाला, की ५६(२)(एक्स) ला धरायला फरकच उरत नाही. त्याऐवजी भाडेकरूला २२ लाखांचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा होतो. कर २ लाख ७५ हजार, उपकरासह २ लाख ८६ हजार. आणि हाही बहुधा वाचतो, कारण भांडवली नफ्याला घराची सूट आहे, ‘इतर उत्पन्ना’ला नाही.

हा मजकूर लिहिला म्हणजे अधिकारी वाद घालणारच नाहीत असं नाही. २२ लाख कुठून आणले, हे विचारलं जाईल. म्हणून दस्ताआधीच्या तारखेचा, सरकारमान्य मूल्यांकनकाराचा अहवाल हवा. त्यात नुसता आकडा नको. आजचं भाडं, त्या भागातलं चालू भाडं, जागेचं क्षेत्रफळ आणि कायद्याचं संरक्षण किती, यावरून आकडा कसा आला ते दिसलं पाहिजे. मार्गदर्शक मूल्यातून ठरलेली रक्कम वजा करून उरेल तो भाडेहक्क, असा उलटा हिशेब अहवालात दिसला तर तो अहवाल टिकत नाही.

घराची सूट, आणि गाळ्याला ती का नाही

भाडेहक्काला कलम ५४ लागत नाही, कारण ते स्वतःचं राहतं घर विकणाऱ्यासाठी आहे. ५४ईसी चे करबचतीचे बाँडही चालत नाहीत. २०१८ पासून ते जमीन-इमारतीच्या नफ्यापुरते मर्यादित आहेत. उरतं ५४एफ. त्यात मिळालेली पूर्ण रक्कम (नुसता नफा नव्हे) राहत्या घरात गुंतवावी लागते. घर विकत घ्यायचं तर हस्तांतरणाच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षांनंतरपर्यंत, बांधायचं तर तीन वर्षांत. आपल्या उदाहरणात भाडेहक्क सोडला त्याच दस्ताने ३६ लाखांचं घर मिळालं, म्हणून २२ लाख पूर्ण सुटतात.

अटी मात्र आहेत. व्यवहाराच्या दिवशी नव्या घराव्यतिरिक्त तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं नकोत. पुण्याला मुलासाठी घेतलेला फ्लॅट आणि खानापूरचं वडिलोपार्जित घर, झाली दोन. वडिलोपार्जित घरात नुसता हिस्सा असला तरी अधिकारी तो मोजायला बघतात, म्हणून वाटणी राहिली असेल तर आधी ती पाहावी. नवं घर तीन वर्षांत विकलं तर सूट परत जाते.

गाळ्याचं वेगळं आहे. गणपत गल्लीतला गाळा भाडेकरूने मालकीचा करून घेतला तर भाडेहक्काचा नफा तसाच होतो, पण मिळाली ती दुकानाची जागा, राहतं घर नाही. ५४एफ हवं असेल तर तेवढ्याच रकमेचं वेगळं घर घ्यावं लागेल. ज्या दुकानदाराचं घर व्हायचंच आहे, त्याने दोन्ही व्यवहार दोन वर्षांच्या आत बसवावेत. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालं नाही, तर रक्कम बँकेतल्या ‘कॅपिटल गेन्स अकाउंट स्कीम’च्या खात्यात भरावी, साधी मुदतठेव चालत नाही. इथे एक कात्री आहे: भाडेहक्काचे २२ लाख हातात कधी आलेलेच नसतात, तरी सुटीसाठी तेवढे पैसे दुसरीकडून उभे करावे लागतात. ज्याला घर घ्यायचंच नाही त्याने १२.५ टक्के भरावेत. इतर उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा तेही बरेच स्वस्त.

निवृत्त भाडेकरूंसाठी एक गोष्ट. निवासी करदात्याचं इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल (नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाख), तर उरलेली मर्यादा भांडवली नफ्यातून वजा करता येते. मात्र १२ लाखांपर्यंत कर नाही अशी जी सूट सगळ्यांच्या तोंडी आहे, ती या विशेष दराच्या नफ्याला लागत नाही.

मालकाचा हिशेब वेगळा आणि उलट

भाडेकरूला दस्तात ३६ लाख दिसायला हवे असतात, मालकाला १४. कारण ३६ लाख मोबदला लिहिला, की मालकाचा नफा त्यावर मोजला जातो. पण फक्त १४ लिहिले तरी मालक सुटत नाही. कलम ५०सी नुसार मार्गदर्शक मूल्य दस्तातल्या किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर मार्गदर्शक मूल्यच विक्री किंमत धरतात. म्हणून मालकाला समजावताना आकडेच पुढे ठेवावेत.

समजा वाडा आजोबांच्या काळचा आहे आणि १ एप्रिल २००१ ला त्या भागाची किंमत ६ लाख होती (हा आकडा त्या दिवशीच्या मार्गदर्शक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही). २००१-०२ चा महागाई निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६, म्हणून ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. ३६ लाखांतून ते वजा केले की १३ लाख ४४ हजार नफा, २० टक्क्यांनी कर २ लाख ६८ हजार ८००. निर्देशांक सोडला तर नफा ३० लाख आणि १२.५ टक्क्यांनी कर ३ लाख ७५ हजार. निवासी व्यक्तीला यांतला कमी तो निवडता येतो. परदेशातल्या वारसाला ही निवड नाही, त्याला १२.५ टक्केच. मालकाची ही विक्री जमीन-इमारतीची असल्याने त्याला ५४ईसी बाँड (सहा महिन्यांत, कमाल ५० लाख) मिळतात, आणि घर असेल तर कलम ५४ सुद्धा.

दोघांनाही चालेल असा मार्ग म्हणजे मार्गदर्शक मूल्यच खाली आणणं. कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या कलम ४५-अ नुसार बाजारमूल्याचा वाद जिल्हा निबंधकांकडे नेता येतो. जागेत संरक्षित भाडेकरू आहे, भाडं इतकं आहे, रिकामा ताबा मिळत नाही, हे पुराव्यासह मांडलं तर मूल्य कमी ठरू शकतं. आयकरासाठी मग तेच मूल्य ‘मुद्रांक मूल्य’. यात वेळ जातो, आणि सब-रजिस्ट्रार कचेरीत ‘कशाला भानगड, भरून टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. ३६ लाखांवर ५.६ टक्क्यांनी मुद्रांक, उपकर व अधिभार मिळून २ लाख १ हजार ६०० आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून दुप्पट झालेली २ टक्के नोंदणी फी ७२ हजार भरण्याआधी ही भानगड करून पाहावी.

समजा निबंधकांनी मूल्य १६ लाख ठरवलं. दस्तातली किंमत १४ लाख असेल तर फरक २ लाख, १४ लाखांचे १० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. फरक जास्त, म्हणून पूर्ण २ लाख भाडेकरूच्या उत्पन्नात, आणि मालकालाही ५०सी लागू. किंमत १४ लाख ६० हजार केली तर फरक १ लाख ४० हजार आणि सवलत १ लाख ४६ हजार. दोन्ही कलमं बाहेर. साठ हजार रुपये मालकाला जास्त दिले, पण ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या भाडेकरूचा त्याहून थोडा जास्त कर वाचला. सवलत दस्तातल्या किमतीवर मोजतात, मूल्यावर नाही. नेमका इथे हिशेब चुकतो.

मुद्रांक भरून झाल्यावरही मालक आकारणीच्या वेळी ५०सी खाली प्रकरण आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करू शकतो, आणि भाडेकरूलाही ५६(२)(एक्स) मध्ये तशीच सोय आहे. मात्र एकदा मुद्रांकाच्या मूल्याविरुद्ध अपील केलं असेल तर ही मागणी करता येत नाही, म्हणून दोन्हींपैकी कोणता रस्ता धरायचा ते आधी ठरवावं. शिवाय ३६ लाख मोबदला स्वतःच लिहून दिला असेल तर मालकाला या मागणीचा उपयोग नाही. भाडेकरूचा फायद्याचा मजकूर आणि मालकाचा फायद्याचा मजकूर एकमेकांना छेद देतात. दोघांनी एकच सीए धरून चालणार नाही, निदान दोघांचा हिशेब एकाच कागदावर मांडून मग किंमत ठरवावी. मालकाचा वाढीव कर भाडेकरूने उचलायचा, अशी तडजोडही होते. तीही किंमतीत धरून दस्तात यावी.

दोन दस्तांचा मार्ग

काही वकील आधी भाडेहक्क सोडपत्र आणि मग रिकाम्या जागेचं खरेदीपत्र असे दोन दस्त सुचवतात. मालक भाडेकरूला २२ लाख देतो, भाडेकरू मालकाला ३६ लाख देतो, दोन्ही बँकेतून. मालकाला हे २२ लाख, मिळकत भारमुक्त करण्याचा खर्च म्हणून वजा मागता येतात, आणि भाडेकरूचा हिशेब स्वच्छ राहतो. भाडेहक्क म्हणजे जमीन-इमारत नव्हे, म्हणून सोडपत्राला ५०सी लागत नाही असं मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाने धरलं आहे.

धोका वेगळा आहे. सोडपत्र नोंदलं आणि खरेदीपत्राच्या दिवशी मालकाचा एक भाऊ आलाच नाही, तर भाडेकरूच्या हातात ना भाडेहक्क ना मालकी. दोन्ही दस्त एकाच दिवशी, एकामागोमाग नोंदवावेत, आणि सोडपत्रात ‘खरेदीपत्र नोंदल्यावरच हे अमलात येईल’ अशी अट असावी. हे जमत नसेल तर एकाच दस्तात दोन्ही गोष्टी बऱ्या.

कागद

व्यवहाराला बसण्याआधी पुरावे जमवावेत. भाड्याच्या जुन्या पावत्या, भाडेचिठ्ठी, हेस्कॉमची वीजबिलं, जुनी रेशन कार्डं, मालकाने घातलेला दावा असेल तर त्याचे कागद. दावा हरलेल्या मालकाचा निकाल हा भाडेकरूचा सर्वांत भक्कम पुरावा. संरक्षण कुठल्या कायद्याने आहे तेही पाहावं. ३१ डिसेंबर २००१ पासून कर्नाटक भाडे कायदा १९९९ लागू आहे. त्यात व्यापारी जागांपैकी १४ चौरस मीटरपर्यंतचेच गाळे येतात, आणि बेळगावसारख्या ठिकाणी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त मासिक भाडं असलेल्या जागा बाहेर राहतात. मोठ्या गाळ्याच्या भाडेकरूचं संरक्षण पातळ, म्हणून त्याच्या भाडेहक्काचं मूल्यही मोठं दाखवता येत नाही. मूल्यांकनकाराला हे आधीच सांगावं, कारण खात्याचा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारेल.

प्रॉपर्टी कार्डावर मालकाच्या सर्व वारसांची नावं चढली आहेत का, ते बघावं. १९५६ पूर्वीचे कागद मराठीत, कधी मोडीत असतात; आजचा दस्त कन्नडमध्ये होतो. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी मसुदा मराठीत करून घ्यावा आणि नोंदणीआधी कन्नड मजकूर वाचणाऱ्याकडून ओळ न ओळ ताडून पाहावा. भाडेहक्काचं वाक्य ‘नेहमीचा नमुना’ म्हणून गाळलं जातं ते इथेच.

नेहमी फसतात ती ठिकाणं

भाडेकरू वडील, दस्त मात्र मुद्रांकाच्या किंवा कर्जाच्या सोयीसाठी सुनेच्या नावावर. सुनेकडे सोडायला भाडेहक्कच नाही, म्हणून तिच्या हाती आलेला फरक सरळ ५६(२)(एक्स) मध्ये. वडिलांचा हक्क सुटला, पण घर त्यांच्या नावावर आलं नाही, म्हणून ५४एफ बद्दल वाद. ज्याच्या नावावर भाडेपावत्या, त्याच्याच (किंवा त्याच्या सर्व वारसांच्या) नावावर दस्त.

भाडेकरू वारले आणि तीन भावांपैकी एकच खरेदी करतो. भाडेहक्क तिघांचा आहे. बाकी दोघांना पैसे दिले तर ते त्यांचे भांडवली उत्पन्न, त्यांनाही विवरणपत्रात दाखवावं लागतं. पैसे न देता भावाने सोडला तर नातेवाइकाकडून मिळालेलं म्हणून कर नाही, पण लेखी सोडपत्र हवं.

रोखीचा आग्रह. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कलम २६९एसएस मोडतं, दंड तेवढ्याच रकमेचा. तो घेणाऱ्यावर, म्हणजे मालकावर बसतो. हे सांगितलं की मालकाचा आग्रह कमी होतो.

टीडीएस. किंमत किंवा मार्गदर्शक मूल्य, दोन्हींपैकी एकही ५० लाख झालं, तर १ टक्का कापून खात्याच्या ठरलेल्या फॉर्मने, कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरायचा. एखादा वारस अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. कलम १९५ लागतं, रकमेची मर्यादाही नाही आणि दर बराच मोठा. अमेरिकेतल्या वारसाने आधी कमी कपातीचा दाखला काढला नाही, तर अडकतो खरेदीदार.

दस्त आणि करार वेगवेगळ्या वर्षांत. मूल्य वाढलं (इथे १ ऑक्टोबर २०२३ ला मोठी वाढ झाली होती) तर कराराच्या दिवसाचं मूल्य धरता येतं, पण किमतीचा काही भाग करारापर्यंत बँकेतून गेला असेल तरच.

मालकी मिळाल्यावर लगेच विकणं. भाडेहक्क आणि मालकी या दोन वेगळ्या मालमत्ता मानल्या तर मालकीची मुदत दस्तापासून सुरू होते. २४ महिन्यांआधी विकलं तर नफा अल्प मुदतीचा आणि नेहमीच्या दराने. ‘हक्काची सुधारणा झाली, मुदत जुनीच’ असा निकाल अलाहाबाद उच्च न्यायालयाने भाडेपट्ट्याची जमीन मालकीची झाल्याच्या प्रकरणात दिला आहे. त्यावर अवलंबून राहण्यापेक्षा दोन वर्षं थांबणं सोपं. विकताना खरेदीखर्च ३६ लाख धरायचा असेल तर भाडेहक्काचे २२ लाख आज दस्तात आणि विवरणपत्रात दिसले पाहिजेत. नाही दिसले तर खर्च फक्त १४ लाख आणि मुद्रांक-फी.

शेतीच्या कुळांचं

गावाकडचे कुळकायद्याचे प्रश्न वेगळे आहेत. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून कुळाकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या. कुळांनी मालकीसाठी फॉर्म ७ चा अर्ज भरला, भू-न्याय मंडळाने निकाल दिला, फॉर्म १० चं मालकीचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर शेती भाड्याने देणंच (काही अपवाद सोडता) बंद झालं, म्हणून आज नव्याने कूळ होता येत नाही. अशी जमीन विकताना आधी कलम ६१ ची १५ वर्षांची हस्तांतरबंदी संपली आहे का ते बघावं.

आयकर मग जमिनीच्या ठिकाणावर ठरतो. ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ताच नाही. नगरपालिका किंवा कॅन्टोन्मेंट हद्दीपासून हवाई अंतर मोजतात. लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल तर २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल तर ६, त्याहून जास्त असेल तर ८. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या घरात, म्हणून ६ किलोमीटर. हिंडलगा, कंग्राळी, पिरनवाडी त्यात येतात. निपाणी, चिकोडी, गोकाक, अथणी यांना २ किलोमीटर. रस्त्याचं अंतर दाखवून सुटका होत नाही. या पट्ट्यातली जमीन विकली तर, फॉर्म १० जुना असल्याने २००१ चं मूल्य धरता येतं, आणि दोन वर्षं शेती केलेली असेल तर दुसरी शेतजमीन घेऊन ५४बी ची सूट मिळते.

चंदगड-गडहिंग्लजकडे ज्यांची जमीन आहे त्यांनी हे नियम तिकडे लावू नयेत. तिथे महाराष्ट्राच्या कुळकायद्यातला १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कूळ मालक मानलं गेलं तो दिवस), ३२-म चं खरेदी प्रमाणपत्र आणि परवानगीशिवाय विकता न येण्याची कलम ४३ ची अट आहे. त्यात २०१४ पासून, खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर जमीन महसुलाच्या ४० पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. आयकराचं ग्रामीण-शहरी गणित मात्र दोन्हीकडे एकच.

विवरणपत्रात

ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या मूल्याच्या दस्ताची माहिती सब-रजिस्ट्रार स्वतःच खात्याला कळवतो, आणि ती तुमच्या ‘एआयएस’मध्ये (खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात) दिसते. म्हणून कर शून्य असला तरी व्यवहार दाखवावा. पगारदार-निवृत्तांनी आयटीआर-२, व्यापाऱ्यांनी आयटीआर-३. भांडवली नफ्याच्या रकान्यात भाडेहक्क ‘इतर मालमत्ता’ म्हणून भरावा, जमीन-इमारतीच्या रकान्यात नव्हे. तिथे भरला की ५०सी चा प्रश्न आपोआप उभा राहतो. मोबदला २२ लाख, खर्च शून्य, सूट ५४एफ, असा सरळ हिशेब. मूल्यांकन अहवाल, दस्ताची प्रत आणि शेवटच्या काही वर्षांच्या भाडेपावत्या स्कॅन करून ठेवाव्यात. फेसलेस आकारणीत समोर बसून समजावता येत नाही, जे काही सांगायचं ते अपलोड केलेल्या कागदांतूनच.